गिरणीचे लाख मैल

विषय : मंडळीचे डिझेल मोटार वाहन, त्याचा मैलांचा मीटर, व सदर वाहनावरील चालक श्री. कमळू हिरू देसले यांस सेवेत कायम करणेबाबत.

संदर्भ : (१) संचालक मंडळाचा ठराव. (२) श्री. देसले यांचा अर्ज. (३) खाली सही करणाराची स्मरणशक्ती.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की... जाऊ द्या. तीस वर्षं कारकुनी केली की माणूस बायकोला बाजाराची यादीसुद्धा संदर्भ घालून देतो. आता निवृत्त झालो आहे, तेव्हा सरळ सांगतो.

शहापूरला आमची भात आणि गवत खरेदी-विक्रीची सहकारी मंडळी. शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके तिच्या हद्दीत. मी तिथे हेडक्लार्क होतो. हाताखाली एक टाइपरायटर होता, म्हणून हेड. कुठल्याही कचेरीत दोन गोष्टी साठतात, कागद आणि किस्से. कागदांना कपाट लागतं, वाळवीचं औषध लागतं, आणि एवढं करून हवा तो कागद सापडत नाही. किस्से कुणी न सांभाळता टिकतात, आणि दर वेळी चहाबरोबर काढले की थोडे वाढलेलेच निघतात. आमच्याकडचे निम्मे किस्से एका गाडीचे आणि तिच्या एका ड्रायव्हरचे आहेत. मी ते वाढवलेले नाहीत. ज्यांना शंका असेल त्यांनी फाइल पाहावी. सापडली तर!

*

आमचे चेअरमन आप्पासाहेब म्हणजे मुरबाडकडचे बडे शेतकरी आणि एका भातगिरणीचे मालक. मंडळीला फिरायला वाहन हवं म्हणून त्यांनी मुंबईच्या एका शेटजीची जुनी, लांबलचक विलायती मोटार घेतली. ती पेट्रोल इतकं प्यायची की खुद्द शेटजीने हात टेकले होते. आप्पासाहेबांनी तोड काढली. एका कारखान्यात तिचं पेट्रोलचं इंजिन उतरवलं आणि डिझेलचं चढवलं. ते इंजिन आधी एका लाँचमध्ये होतं. मैलांचा मीटरही नवा बसवला. काचेखाली पाच पांढरी शून्यं, दृष्ट लागावी इतकी स्वच्छ.

म्हणजे अंग शेटजीचं, काळीज होडीचं, आणि मालकी सहकारी. असली गाडी सुखाने चालेल अशी अपेक्षा करणंच चूक. आठव्या दिवशी ती शहापुरात भर रस्त्यात बंद पडली. कल्याणहून एकामागून एक तीन ड्रायव्हर आले. तिघांनी बॉनेट उघडलं, मान हलवली आणि गाडीभाडं घेऊन परत गेले.

शेवटी आप्पासाहेबांनी आपल्या गिरणीवर इंजिन सांभाळणाऱ्या कमळूला बोलावलं. काळासावळा, बारीक, डोक्याला फेटा. त्याने इंजिनवर हात ठेवला, दोन नळ्या ढिल्या केल्या, फेस येऊ दिला, परत आवळल्या.

"हवा धरलीय सायेब. डिझेल संपू दिलंत, नळीत हवा शिरली. आता मारा हँडल."

हँडल मारलं. गाडी धडधडली. आप्पासाहेब खूश! "वा रे पठ्ठ्या! चल, बस, घे मंडळीवर!"

कमळू जागचा हलला नाही. "सायेब, मला ती चालू करता येते. चालवता नाय येत. आमची गिरण कधी कुठं गेलीच नाय!"

*

गवताच्या डेपोत, गंज्यांच्या मधून, कमळू महिनाभर मोटार चालवायला शिकला. दोन गंज्या आडव्या झाल्या. गवतच ते, पुन्हा रचलं. लायसन मिळालं. नेमणूक मात्र तात्पुरती, कारण मंडळीत माझ्याशिवाय कायम कुणी नव्हतं.

हे 'तात्पुरती' प्रकरण कमळूला फार लागायचं. त्याचं कारण पांडू. पांडू म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ, आटगाव स्टेशनाकडे रेल्वेच्या रुळांवर गँगमन, आणि कायम! सासुरवाडीच्या प्रत्येक पंगतीत पांडूचा पाट मधोमध आणि कमळूचा दाराजवळ, चपलांच्या शेजारी. वर पांडू ताटावरून ओरडायचा, "भावजींना वाढा रे लवकर! टेंपरवारी मानूस, कधी उठवतील त्याचा नेम नाय!"

हे आप्पासाहेबांच्या कानावर गेलं. ते दिलदार गृहस्थ. म्हणाले, "अण्णा, ठराव लिहा. या गाडीचे लाख मैल याच्या हातून झाले की हा कायम."

संचालक हसले. ती गाडी किन्हवलीपर्यंत पोचली तरी सत्यनारायण घालायची त्यांची तयारी होती. मी ठराव लिहिला. पुढे वाद नको म्हणून शब्द तोलूनमापून घातले : 'सदर वाहनाच्या मीटरवर एक लाख मैल प्रत्यक्ष दिसतील त्या दिवसापासून, दरम्यान अपघात न घडल्यास, चालकास कायम समजण्यात यावे.'

'प्रत्यक्ष दिसतील' हे शब्द माझे. त्या वेळी मला त्यांचा अभिमान वाटला होता.

*

गाडी पहिल्यांदा किन्हवलीला गेली तेव्हा पुढे आप्पासाहेब, मागे मी आणि दप्तर. गाव अजून अर्धा मैल लांब असताना समोरून आठ-दहा बाया डोक्यावर भाताच्या पाट्या घेऊन लगबगीने आल्या आणि गाडीला आडव्या झाल्या.

पुढच्या म्हातारीने पाटी उतरवून बॉनेटवर ठेवली. "कमळ्या, कुठं घालू रे भात?"

"गो आये, ही गिरण नाय. मोटार हाये."

"मंग गिरणीचा आवाज कशाला काढतंस? आमी काय येड्या हाव? घरातलं काम टाकून आलो!"

बाकीच्या बायाही भडकल्या. एक म्हणाली, "आता परत कोन नेईल? तुझा सायेब नेईल का?"

आप्पासाहेब काही बोलायच्या आत कमळूने पाट्या गाडीत भरायला सुरुवात केली. पाट्यांबरोबर बायाही बसल्या. मी दप्तरासकट पायरीवर उभा राहिलो. दोन मैल मागे खऱ्या गिरणीवर भात भरडून, सगळ्यांना घरोघर पोचवून आम्ही सभेला गेलो. त्या दिवसापासून दोन्ही तालुक्यांत गाडीचं नाव 'गिरण' पडलं.

सभावृत्तात विलंबाचं कारण द्यावं लागतं. मी खरं तेच लिहिलं : 'अध्यक्ष भात भरडण्यास गेल्यामुळे सभा दीड तास उशिरा सुरू झाली.'

*

एकदा कमळू टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"अण्णा, मलमल पायजे. दोन वार."

"कशाला रे?"

"तिला गाळून पाजायला. पिंपातल्या डिझेलमंदी गाळ असतो. तो नोझलात गेला का ती खोकते."

मी रीतसर टिपणी ठेवली. एक संचालक म्हणाले, "आज मोटारीला मलमल, उद्या गिरद्या मागेल. आधी चौकशी करा." विषय पुढच्या सभेवर गेला. मग त्याच्या पुढच्या. कमळूने वाट पाहिली नाही. आपल्या लग्नातला फेटा सोडला आणि त्यातून डिझेल गाळायला लागला.

त्या पावसाळ्याआधी सरळगावजवळ एका लाकडाच्या ठेकेदाराचा ट्रक बंद पडला. आम्ही तिथून जात होतो. कमळूने ट्रकचं फिल्टर उघडलं, आत चिखल. ते धुतलं, डिझेल फेट्यातून गाळून भरलं, हवा काढली, ट्रक सुरू. ठेकेदार तिथेच म्हणाला, "उद्यापासून माझ्याकडे ये. कायम."

कायम! हा शब्द ऐकून मीच गाडीतून उतरलो. कमळू फेटा पिळत होता.

"शेट, तुमच्या ट्रकाला मी गाळून पाजीन. पन आमच्या गिरणीला कोन पाजील?"

वाटेत मी त्याला भरपूर बोललो. "अरे वेड्या, पांडूचं तोंड बंद झालं असतं!"

"अण्णा, मी हितं कायम व्हायचं म्हनलोय ना? मंग हितंच व्हनार."

चौदा महिन्यांनी मलमल मंजूर झाली. तोवर फेटा तव्यासारखा काळा पडला होता. कमळूने नवी मलमल हातात घेतली, झटकली, डोक्याला गुंडाळली, आणि डिझेल जुन्या फेट्यातूनच गाळत राहिला.

मी म्हटलं, "हे काय?"

"तिला त्याची सवं झालीय."

*

डिझेल इंजिनाचा एक गुण असा की एकदा सुरू झालं की त्याला बॅटरी लागत नाही. हा गुण आमच्या संचालकांना समजला आणि त्यांनी बॅटरी काढून लाउडस्पीकरला लावली. वार्षिक सभा, हळदीकुंकू, शाळेचं स्नेहसंमेलन, सगळीकडे बॅटरी जायची. गाडी जिथल्या तिथे; हँडल मारायला तर चौघं लागायचे.

कमळूने तक्रार केली नाही. तो गाडी उतारावर उभी करू लागला. चाकाला दगड लावायचा. निघताना दगड काढायचा, गाडी घरंगळली की गिअर टाकायचा, धडधड सुरू. दोन तालुक्यांतल्या प्रत्येक गावातला उतार त्याला पाठ. त्याने सांगितलेली उतारांची यादी मी टाइप करून फाइलला लावली आहे. 'मुरबाड : कौलारू शाळेमागे, उत्तम. धसई : पाराजवळ, बैल नसल्यास. किन्हवली : बरा, पण तोंड उलटं करावं लागतं.'

पुढे मुरबाडकडे मंडळीचं गोदाम बांधायचं ठरलं. ओव्हरसियरने छान सपाट जागा दाखवली. आप्पासाहेबांनी कमळूकडे पाहिलं.

कमळू म्हणाला, "जागा झकास हाये सायेब. पन इथं आलो का आपन इथंच ऱ्हानार."

गोदाम शेजारच्या उतारावर बांधलं. आजही तिथे भाताची हातगाडी दारात सोडली की ती आपण होऊन रस्त्यावर जाते.

*

इंजिन ऐकायला कमळूकडे वेळूची एक नळी होती. एक टोक इंजिनवर, एक कानात, डोळे मिटलेले. "दोन नंबरचं नोझल गळतंय," म्हणायचा, आणि दोन नंबरचंच गळत असायचं. धूर पाहूनही सांगायचा : काळा म्हणजे हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे अजून थंड आहे, थांबा जरा.

आप्पासाहेबांना विड्यांचा नाद आणि त्याबरोबर खोकला. एकदा गाडीत बराच वेळ खोकले. कमळू आरशात बघून म्हणाला, "सायेब, राग नाय ना येनार? तुमचा धूर काळा हाये. हवा कमी पडते. फिल्टर साफ करा, इडी बंद करा."

"गाडी बघ गाडी!" आप्पासाहेब ओरडले.

पुढल्या महिन्यात ते मुंबईला जाऊन आले. कचेरीत टेकले, पाणी प्यायले, आणि खिशातलं विड्यांचं बंडल माझ्या टेबलावर टाकलं.

"तीन डॉक्टर झाले अण्णा. छातीचे दोन फोटो काढले. आणि शेवटी कमळ्याचंच निदान!"

*

सरळगावच्या अलीकडे काळू नदी आहे. तेव्हा पूल नव्हता. पाण्यातूनच जावं लागे. एका भाद्रपदात मुरबाडला सभा होती. आम्ही नदीवर आलो तर अलीकडे दोन पेट्रोलच्या गाड्या बॉनेटं उघडून उभ्या. पाण्याने त्यांची ठिणगी विझली होती. माणसं रुमालांनी तारा पुसत होती.

कमळूने आदल्या दिवशीच जुन्या गिरणीचं पत्र्याचं धुराडं आणून मागच्या धुराच्या नळीला उभं बांधलं होतं. इंजिनवर पाणी उडू नये म्हणून त्याने पंख्याचा पट्टा काढला, धोतर खोचलं आणि गाडी सरळ पाण्यात घातली.

पाणी पायरीवर आलं. मग आत आलं. आप्पासाहेबांनी पाय सीटवर घेतले. "कमळ्या, मधेच बंद पडली तर?"

"नाय पडत सायेब."

"कशावरून?"

"हिचं इंजिन आधी होडीत होतं. पान्यात तिला म्हायेरी आल्यासारखं वाटतं!"

खरोखर, नदीत तिचा आवाज रस्त्यावरच्यापेक्षा खुलला होता. पाणी सीटला लागलं तेव्हा मी दप्तर डोक्यावर घेतलं. आप्पासाहेबांची एक चप्पल तरंगत दारातून बाहेर गेली आणि कल्याणच्या दिशेने निघाली. गाडी मात्र पलीकडे चढून, अंगातलं पाणी गाळत, धडधडत उभी राहिली. अलीकडचे लोक टाळ्या वाजवत होते.

आप्पासाहेब एका चपलेवर उतरले. "अण्णा, लिहून घ्या. पुढची सभा नदीच्या शहापूरकडच्या काठाला."

*

दरवर्षी आमच्याकडे ऑडिटरसाहेब यायचे. किडकिडीत, चष्मेवाले, अतिशय प्रामाणिक. प्रामाणिक माणूस संशयी असला की त्याला आवरणं कठीण. त्यांनी गाडीची नोंदवही पाहिली आणि म्हणाले, "एवढं धूड, आणि एका गॅलनला इतके मैल? अशक्य. डिझेल बाहेरून भरता काय?"

जास्त डिझेल जाळल्याचा आरोप मी ऐकला होता. कमी जाळल्याचा पहिलाच!

ते स्वतः मोजलेला डबा घेऊन दोन दिवस गाडीत फिरले. कमळूने पाहुणे म्हणून गाडी इतकी जपून चालवली की गॅलनमागे नोंदवहीपेक्षाही तीन मैल जास्त भरले. ऑडिटरसाहेबांनी शेरा मारला : 'चालक आजवर खप जादा दाखवीत आला आहे काय, याचा खुलासा व्हावा.'

मी कमळूला विचारलं. तो म्हणाला, "ल्हिवा का, ऑडिटरसायेब अंगाने हलके हायेत. रोज आप्पासायेब असतात."

मी तसंच लिहिलं. खुलासा मान्य झाला.

*

मग देशात किलोमीटर आले. रस्त्यावरचे मैलाचे दगड बदलले, आणि वरून परिपत्रक आलं की यापुढे सगळा व्यवहार नव्या मापात करावा. मी परिपत्रक दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना ताडकन उठलो. लाख किलोमीटर म्हणजे बासष्ट हजार मैल, आणि गिरणीचा मीटर चौसष्ट हजारांवर होता!

टिपणी तयार केली : ठरावातील मैल नव्या मापात वाचावेत, अट पूर्ण झाली आहे, चालकास कायम करावे. आप्पासाहेब सही करायला तयार. मी कमळूला बोलावून सांगितलं. वाटलं, नाचेल.

तो दारात फडक्याने बोटं पुसत राहिला. "म्हंजे अण्णा, मी न चालवताच छत्तीस हजार मैल झालं?"

"तसं नाही रे. माप बदललं."

"माझी गाडी नाय बदलली ना? रस्त्यावरचा दगड बदलला म्हनून मुरबाड जवळ आलं का? लाख मैल म्हंजे लाख मैल. नायतर तो पांडू पंगतीत बोलेल, आमच्या भावजींनी दगडं हलवली."

मी टिपणी फाडली. कारकुनाच्या आयुष्यात स्वतःची टिपणी स्वतःच्या हाताने फाडण्याचे प्रसंग फार येत नाहीत.

*

आणि तेराव्या वर्षी लाख मैल भरत आले.

सगळं मीच आखलं होतं. मुरबाडहून निघायचं आणि मंडळीच्या फाटकात लाखावा मैल पुरा करायचा. हिशोबात काही मैल कमी पडत होते म्हणून वाटेत आटगावचा फेरा घातला आणि तिथून पांडूलाही गाडीत घेतलं. तो धुतलेला सदरा घालून तयारच होता. "बघू तरी आमचे भावजी कायम कसे व्हतात ते!" माझ्या खिशात कायमचा हुकूम टाइप केलेला, फक्त आप्पासाहेबांची सही बाकी.

फाटकाबाहेर दोनशे माणूस. ढोल, हार, नारळ. किन्हवलीच्या त्या बायाही आल्या होत्या. ऑडिटरसाहेब त्या दिवशी तपासणीला आलेले, तेही टेबल सोडून बाहेर आले. कमळूने फाटकाशी गाडी थांबवली. मीटरवर पाच नऊ, शेवटचा जवळजवळ वर सरकलेला.

आप्पासाहेब म्हणाले, "घे आत!"

खिडक्यांतून डोकी आत घुसली. गाडी हळूच पुढे झाली. पाचही नऊ एकदम हलले, एकदम वर गेले, आणि त्यांच्या जागी पाच शून्यं येऊन बसली. स्वच्छ, पांढरी, पहिल्या दिवशी होती तशी.

ढोल थांबला.

पांडू म्हणाला, "भावजी, लाख कुठं हाय?"

आप्पासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मीटरकडे. पाच घरं. तेरा वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ मी त्यावरचा आकडा वहीत उतरवला होता. घरं किती आहेत ते मोजलं नव्हतं.

ऑडिटरसाहेबांनी ठरावाची प्रत मागितली. चष्मा पुसून वाचली. "'मीटरवर प्रत्यक्ष दिसतील.' दिसत तर नाहीत."

"साहेब, आत्ता तुमच्यासमोर झाले!" मी म्हणालो.

"माझ्यासमोर शून्य आहे." ते बिचारे खरोखर दुःखी दिसत होते. "खरं म्हणजे रेकॉर्डप्रमाणे ही गाडी आता नवीन आहे. आणि नवीन गाडी घ्यायला मंजुरी नाही."

माझा हात खिशातल्या हुकुमावर होता आणि तो बाहेर काढायची मला हिंमत होत नव्हती. आप्पासाहेब पुढच्या सभेबद्दल काहीतरी बोलत होते.

कमळू खाली उतरला. इंजिन चालूच होतं. त्याने बॉनेट उघडलं, वेळूची नळी लावली, डोळे मिटून ऐकलं. मग नळी पांडूपुढे धरली.

"घे. ऐक."

पांडू वाकला. रुळांवर हातोडा मारून आवाजावरून तडा ओळखणारा माणूस तो. बराच वेळ ऐकत राहिला. मग नळी परत दिली. हार आप्पासाहेबांच्या हातातून त्यानेच घेतला आणि कमळूच्या गळ्यात घातला.

दुपारी आवारातच पंगत होती. पांडूने सवयीने मधोमध धरलेला पाट सोडला आणि कचेरीच्या दाराजवळ, चपलांच्या शेजारी जाऊन बसला. मधला पाट रिकामा राहिला. कमळू हात धुऊन आला, उगाच इकडेतिकडे बघितलं, आणि शेवटी जाऊन त्यावर बसला.

आठवड्याने मी ठरावाच्या दुरुस्तीचा मसुदा केला. त्याला चालकाचा अर्ज जोडावा लागतो. कमळूला म्हटलं, "सांग, मी लिहितो." त्याने सांगितलं. मी लिहिलं, वाचून दाखवलं, त्याने खाली सही केली :

'मंडळीच्या वाहनाच्या मीटरास पाच घरे आहेत. सहावे घर बसवून मिळावे, म्हणजे पुढल्या खेपेस लाख दिसतील.'

"आणि कायमचं?" मी विचारलं.

"ते लाख दिसतील तवा, अण्णा," म्हणून तो डिझेल गाळायला गेला.

अर्जाला आवक क्रमांक दिला. संचालक मंडळाने तो उपसमितीकडे पाठवला. मी निवृत्त झालो तेव्हा चार्ज देताना नव्या हेडक्लार्कच्या यादीत एक बाब लिहिली : 'हुकूम, बिनसहीचा, नग एक.'

गेल्या बाजाराच्या दिवशी शहापूरच्या नाक्यावर, उतारावर, गिरण उभी दिसली. काचेतून मीटर पाहिला : घरं पाचच, अडतीस हजार चारशे बारा.

अर्ज विचाराधीन आहे.